‘शिवीमुक्त कारखाना’ पॅकेज: घ्यावं का, आणि घेतलं तर त्यातलं काय घ्यावं

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कोअर शॉपची सुपरवायझर आहे. साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, तिथं बनतात. शिवाय लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कारखान्याच्या अंतर्गत समितीत आहे. गेल्या वर्षी आमच्या व्यवस्थापनानं पुण्याच्या एका संस्थेकडून ‘शिवीमुक्त कारखाना’ असं पॅकेज घेतलं. तशी कोटेशनं आता ओळखीच्या बऱ्याच कारखान्यांत फिरताहेत आणि अधूनमधून कुणी ना कुणी फोन करून विचारतं, घेऊ का? म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. संस्थेचं नाव देत नाही, कारण मी जी चार-पाच कोटेशनं पाहिली त्या सगळ्यांत माल साधारण एकच आहे.

पॅकेजमध्ये काय येतं? प्रत्येक पाळीसाठी दोन तासांचं सत्र. भिंतीवर लावायला पत्रकं: डावीकडे न वापरायचे शब्द, उजवीकडे वापरायचे. एक दंडपेटी. सुरुवातीला आणि शेवटी भरून घ्यायची प्रश्नावली. आणि तीन महिने, महिन्यातून एकदा, सुपरवायझर आणि लाइन लीडर यांची बैठक. खर्च साठ हजारांच्या आसपास आला, प्रशिक्षकांचा प्रवास वेगळा. माझं मत थोडक्यात असं: सत्र चांगलं होतं, दंडपेटी अजिबात घेऊ नका, पत्रकं अर्धी कामाची, आणि ज्या बैठका बहुतेक कारखाने पैसे वाचवायला काढून टाकतात त्याच खऱ्या कामाच्या.

कोल्हापुरात शिवी म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजावणं अवघड. ‘काय रांडेच्या, कुठं हुतास?’ असं दोन दोस्त रंकाळ्यावर एकमेकांना म्हणतात आणि गळ्यात हात टाकून भेळ खायला जातात. त्यात द्वेष नसतो, हे मी शपथेवर सांगेन. पण ‘रांड’ म्हणजे विधवाही, आणि माझ्या कोअर शॉपमधल्या निम्म्याहून जास्त बायका एकट्या आहेत, नवरा गेलेल्या नाहीतर नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांच्यातली एक सत्रात उठून म्हणाली, ‘मला कोण म्हणत न्हाई ओ. पण दिसभर कानावर पडतंय. आमच्यावरनंच केल्यात की ह्या शिव्या.’ मोल्डिंगची, म्हणजे साचे बनवणारी, पोरं खाली बघत बसली. सत्रातला हा सगळ्यात मोलाचा क्षण होता, आणि तो प्रशिक्षक मॅडमच्या स्लाइडमधून आला नाही. त्यांचं श्रेय एवढं की त्यांनी मध्ये न बोलता तिला पूर्ण बोलू दिलं.

स्लाइडमध्ये पहिलं उदाहरण होतं नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाचं. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या ग्रामसभेनं आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड असा ठराव केला. बातम्या बऱ्याच झाल्या होत्या, त्यामुळे आमच्या लोकांनाही माहीत होतं. मला तो ठराव मनापासून आवडतो. गावानं एकत्र बसून स्वतः ठरवलेला दंड आणि ऑफिसनं लावलेला दंड यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आमच्या दंडपेटीचं नेमकं तिथंच बिनसलं.

पेटी टूल क्रिबच्या, म्हणजे हत्यारं मिळतात तिथल्या, काउंटरवर ठेवली. एका शिवीला दहा रुपये. पहिला आठवडा शांततेत गेला. मग फेटलिंगमधला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणाऱ्यांतला, एक जण सकाळी आल्या आल्या पन्नासची नोट टाकायला लागला, आणि मग दिवसभर त्याच्या तोंडाला लगाम नाही, कारण पैसे भरलेत. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी न होता वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही पहिल्यासारखा कमी झाला नाही. आधी उशीर करताना लाज वाटायची, आता त्याची किंमत ठरली. आमच्याकडे अगदी हेच झालं. पेटी चालू ठेवली असती तर आमची उरलीसुरली लाजही संपली असती, असं मला ठामपणे वाटतं.

दंडपेटीत याहून वाईट गोष्ट आहे. ती शब्द मोजते, माणूस बघत नाही. पायावर पाना पडल्यावर तोंडातून निघालेली शिवी दहा रुपयांची. पण ‘तुमचं काय बाबा, तुम्ही सरकारचे जावई’ हे वाक्य फुकट, कारण त्यात यादीतला एकही शब्द नाही. नवीन हेल्पर आला की आधी नाव, मग ‘पूर्ण नाव सांग’, मग ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ या तीन प्रश्नांना कुठली पेटी लावणार? १९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यामुळे जातीचं नाव घेऊन कुणी उघड बोलायला धजत नाही, आणि हे त्या कायद्याचं मोठं काम आहे. पण आमच्या कँटीनमध्ये कोण कुणाच्या डब्यातलं खातं आणि कोण ‘आज उपास आहे’ म्हणतं, हे मी कितीतरी वर्षं बघते आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दोन-तृतीयांशच्या आसपास भरली. ते अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांनी शिवी दिली नव्हती. बहुतेकांची भाषा अतिशय सभ्य असणार.

पत्रकांवरचं एक उदाहरण सांगते. फेटलिंगला आणि वितळलेला धातू ओतायच्या पोअरिंगला आमच्याकडे उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातले कंत्राटी कामगार आहेत. सगळ्यांना सरसकट ‘भैय्या’ म्हणत. पत्रकात ‘भैय्या’ डाव्या रकान्यात गेला. महिन्याभरात ते ‘यूपी’ झाले. ‘ए यूपी, इकडं ये.’ ओडिशातला मुलगाही यूपीच. आवाज तोच, हात हलवायची पद्धत तीच. शब्द बदलला की जुना तुच्छतेचा भाव नव्या शब्दात उतरायला वेळ लागत नाही. २०२३मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा विचार मांडला होता आणि त्यावर सगळीकडून टीका झाली, ती मला रास्त वाटली. आमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२च्या मे महिन्यात काय केलं ते त्याशेजारी ठेवून बघा. नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, असा ग्रामपंचायतीनं ठराव केला. पुढे राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. हेरवाडनं विधवेला नवं नाव दिलं नाही, तिच्या हातातल्या बांगड्यांना हात लावू दिला नाही. प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेनं हे उदाहरण आपल्या स्लाइडमध्ये घालावं.

लिंगभेदी भाषेच्या भागात प्रशिक्षक मॅडम थोड्या अडखळल्या. त्यांचं म्हणणं होतं की भाषेत पुल्लिंग हेच प्रमाण धरलं जातं, त्यामुळे बायका विचारातूनच गळतात. तत्त्व म्हणून ठीक. पण समोर बसल्या होत्या कोल्हापूरच्या बायका, ज्या जन्मापासून ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. मीही घरी असंच बोलते. क्रियापदापुरतं बघितलं तर आमच्याइतकी समानता महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि याच कोल्हापूर जिल्ह्यात २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या १००० मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. ‘मी आलो’ म्हणणाऱ्या घरांनीच मुली येऊ दिल्या नाहीत. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना तपासण्यांची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले, तपासण्यांवर लक्ष ठेवलं गेलं. व्याकरणातून हा प्रश्न सुटला नसता. मी हे सत्रात बोलले. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या पाळीच्या सत्रात स्वतःहून मांडलं. याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

इतकं सगळं बोलूनही मी शब्द बदलण्याच्या विरोधात नाही, आणि त्याचं कारण आहे आमच्या गेटजवळचा फलक.

‘कामगार बंधूंनो, सुरक्षा साधने वापरा’ असा तो जुना फलक. पॅकेजच्या सूचनेप्रमाणे रंगवून ‘कामगार बंधू-भगिनींनो’ केला. मला वाटलं, झालं, रंगाचे पैसे गेले. पण दुसऱ्याच आठवड्यात कोअर पेंटिंगच्या तिघी माझ्याकडे आल्या. ‘मॅडम, भगिनींनो लिवलंय न्हवं? मग आमच्या पायाचं बूट कुठायत?’ स्टोअरमध्ये सेफ्टी शूजचा सगळ्यात लहान नंबर सहा. बायकांचे पाय चार-पाच नंबरचे. वर्षानुवर्षं त्या बुटाच्या टोकात कॉटन वेस्ट कोंबून चालत होत्या, काही तर चपलेवरच काम करत. वाळूवरून कोअरचा ट्रे घेऊन चालताना सैल बूट मागून निसटतो, ट्रे तिरका होतो, कोअर फुटतो, आणि रिजेक्शन त्या बाईच्या नावावर पडतं. हातमोज्यांचंही तेच: बोटांच्या पुढे इंचभर रिकामं रबर, त्यामुळे घासायची फाइल नीट धरता येत नाही. ‘बायकांच्या हातनं फूट जास्त होते’ हे वाक्य मी मीटिंगमध्ये किती वेळा ऐकलं असेल. तो आमच्या कारखान्यातला पक्का समज होता, आणि त्याचं मूळ बुटाच्या नंबरात होतं.

मी मागणी टाकली. खरेदी विभागानं ‘एवढ्या लहान नंबरात किमान ऑर्डर बसत नाही’ म्हणून परत पाठवली. पुन्हा टाकली, सोबत फलकाचा फोटो आणि मागच्या तिमाहीचा रिजेक्शन रिपोर्ट जोडला. बूट आले. रिजेक्शन कमी झालं. मोल्डिंगचा एक सुपरवायझर, ज्याला मी कधी बायकांच्या बाजूनं बोलताना पाहिलं नव्हतं, तो आकडे बघून म्हणाला, ‘मग ह्यांचं कामच चांगलं हाय की.’ त्याचं मत फलकानं बदललं नाही, सत्रानंही नाही. आकड्यानं बदललं. पण आकड्यापर्यंत पोहोचायची वाट त्या फलकापासून सुरू झाली, कारण त्या तिघींना मागायला तोंड मिळालं. नुसता फलक रंगवून थांबलात तर तुमचे पैसे वाया गेले असं समजा.

आता बैठकांबद्दल. पॅकेज घेताना आमच्याही ऑफिसनं विचारलं होतं, ‘तीन बैठका कमी केल्या तर किती सुटतील?’ सुदैवानं त्या राहिल्या. यात व्याख्यान नसतं. आठ-दहा सुपरवायझर बसतात, महिन्यात जे घडलं ते सांगतात, आणि पुढच्या वेळी तोंड कुणी उघडायचं ते ठरतं. ‘कुणी’ यावरच सगळा भर. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या केविन मंगर यांनी ट्विटरवर केलेला प्रयोग मॅडमनी इथं सांगितला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. वंशद्वेषी शब्द वापरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना वेगवेगळ्या बनावट खात्यांवरून समज देण्यात आली. ठळक परिणाम दिसला तो एकाच प्रकारच्या खात्याचा: समज देणारा गोरा दिसत होता आणि त्याचे फॉलोअर भरपूर होते तेव्हा. समज देणारा काळा दिसत असेल किंवा त्याला फार कुणी फॉलो करत नसेल, तर फारसा फरक पडला नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर मी कितीही बोलले तरी मोल्डिंगची पोरं ‘मॅडम आल्या, गप बसा’ एवढंच करतात. मी वळले की चालू. पण मोल्डिंगला आमचे एक मामा आहेत, तालमीत वाढलेले, साचा बघून वाळूत ओल किती हे सांगणारे. तोंडानं स्वतः अत्यंत फटकळ. दुसऱ्या बैठकीनंतर एकदा चहाच्या वेळी कुणीतरी ‘ए यूपी’ म्हणून हाक मारली. मामांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘त्येला नाव न्हाई व्हय? आईबापानं ठेवलंय की.’ एवढंच. त्या दिवसापासून त्या लाइनवर तो मुलगा त्याच्या नावानं ओळखला जातो, आणि आता मामा त्याला रॅमिंग, म्हणजे साच्यात वाळू ठोकून भरणं, शिकवताहेत. या शहराला हे नवीन नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिलं आणि महाराज स्वतः तिथं चहा प्यायला जायचे. अस्पृश्यांबद्दल वाईट बोलू नका, असा नुसता हुकूम काढून ते थांबले असते तर लोकांनी तो ऐकला असता आणि चहा दुसरीकडे प्यायला असता.

हुकमाचं उलटही होतं, हे लक्षात ठेवा. टोरंटोतल्या संशोधकांनी २०११मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्वग्रह सोडाच, समाजाची तशी अपेक्षा आहे, असा दरडावणीचा सूर असलेलं पत्रक वाचलेल्यांमध्ये पूर्वग्रह जास्त आढळला, काहीच न वाचलेल्यांपेक्षाही. समतेनं वागणं तुमच्यासाठी का चांगलं आहे, हे सांगणाऱ्या पत्रकाचा परिणाम उलटा, म्हणजे हवा तसा झाला. आमच्या भिंतीवरची पत्रकं पहिल्या प्रकारची होती. लाल अक्षरात ‘वापरू नका’, खाली ‘कारवाई होईल’. फर्नेसजवळच्या पत्रकावर कोणीतरी खिळ्यानं ओरखडे काढले, आणि ते बायकांच्या बाजूच्या पत्रकावर काढले, दुसऱ्या नाही. राग कुणावर निघतो ते यातून समजा. आम्ही ती उतरवली. फक्त उजवा रकाना, म्हणजे काय म्हणावं, तेवढाच ठेवला.

शेवटची प्रश्नावली भरून घेतली तेव्हा सगळं छान आलं. ‘महिला कोणतंही काम करू शकतात’ याला जवळजवळ सगळ्यांनी होकार दिला. संस्थेनं त्याचा रंगीत आलेख दिला आणि ऑफिसनं तो फ्रेम केला. त्या आलेखावर माझा विश्वास नाही. काय लिहायचं असतं ते लोकांना कळलं, एवढं त्यातून दिसतं. आता हेही काही नसण्यापेक्षा बरं. रवांडात वंशसंहारानंतर सलोख्यावरची एक रेडिओ मालिका वर्षभर ऐकवून एलिझाबेथ पालक यांनी अभ्यास केला होता. ऐकणाऱ्यांची स्वतःची मतं फारशी बदलली नाहीत, पण इथं काय चालतं आणि काय चालत नाही याबद्दलची समज बदलली, आणि वागणंही. कारखान्यासाठी मला तेवढं पुरे आहे. कुणाच्या मनात काय आहे ते त्याचं त्याच्यापाशी. माझ्या बाईला नाइलाजानं काही ऐकावं लागू नये आणि तिचा ओव्हरटाइम कापला जाऊ नये.

काय बदललं नाही, तेही लिहायला हवं. बायका अजून कोअर शॉपमध्येच आहेत, मोल्डिंग लाइनवर एकही नाही, आणि ‘ताई, राहू द्या, जड आहे’ असं फार आदरानं सांगितलं जातं. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६मध्येच आला, पण कामच समान द्यायचं नाही म्हटल्यावर कायदा कुठं लावणार? खंडेनवमीला मशीनच्या पूजेला अजून सवाष्णच शोधतात. ज्या बाईनं सत्रात उठून सांगितलं, ती त्या दिवशी मागच्या रांगेत उभी होती.

आणि एक परिणाम, ज्याबद्दल ऑफिस नाराज आहे आणि मी खूश. अंतर्गत समितीकडे तक्रारी वाढल्या. २०१३च्या कायद्यामुळे समिती आमच्याकडे आधीपासून होती, दरवर्षी ‘तक्रारी: निरंक’ असा अहवाल जायचा. पॅकेजनंतर पहिल्यांदा लेखी तक्रारी आल्या. त्यातली एक अशा माणसाविरुद्ध होती जो तोंडानं कधीच वाईट बोलत नाही. मॅनेजर साहेब मला म्हणाले, ‘एवढा खर्च करून वातावरण बिघडलं की काय?’ मी त्यांना सांगितलं, साहेब, वातावरण आहे तसंच होतं, आता कागदावर आलं. ते त्यांना पटलेलं नाही. यंदा त्यांनी पूर्ण पॅकेज नको म्हटलंय, नुसत्या बैठका चालू ठेवायला मी मंजुरी मिळवली आहे, आणि त्यांत कंत्राटदाराच्या मुकादमांनाही बसवायचं ठरलंय. गेल्या वेळी ते वगळले होते. कंत्राटी पोरांना रोज हाक मारणारे तेच, त्यामुळे ही चूक पॅकेजवाल्यांनी सुरुवातीलाच सांगायला हवी होती.

तुम्ही घेणार असाल तर सही करण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा. सत्रानंतर तुम्ही पुन्हा किती वेळा येणार, आणि आलात की कुणाशी बोलणार? आणि तक्रारी वाढल्या तर आमच्या मालकांना समोर बसवून तुम्ही काय सांगणार? दुसऱ्या प्रश्नावर ज्यांनी विषय बदलला, त्यांचं कोटेशन आम्ही यंदा परत केलं.